मेलिंग लिस्ट ओसंडून वाहू लागली की काय करायचं, कोणत्या क्रमाने, आणि लिस्ट सगळ्यात शेवटी का फोडायची

मुक्तस्रोत प्रकल्पाची डेव्हलपर लिस्ट, म्हणजे एका पत्त्यावर लिहिलं की सगळ्या सदस्यांना पोचणारी मेलिंग लिस्ट, दिवसाला दहा मेलांवरून साठ मेलांवर गेली की कुणीतरी हमखास सुचवतं, "लिस्टचे भाग करूया." दोघे-तिघे होकार देतात आणि आठवड्याभरात चार नव्या लिस्ट्स उभ्या राहतात. सहा महिन्यांनी बघावं तर त्यातल्या दोन ओस पडलेल्या असतात, तिसरीवर नुसते प्रश्न साचलेले असतात आणि मूळ लिस्टवरची गर्दी होती तशीच असते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

हे मी स्वतः करून बसलो आहे, म्हणून क्रमावर एवढा भर देतोय. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिले चार झाल्यावर निम्म्या प्रकल्पांना पुढचे लागतही नाहीत, असा माझा अंदाज आहे.

पूर्वतयारी: किल्ल्या कुणाकडे आहेत?

काहीही बदलण्याआधी तीन गोष्टी हातात हव्यात.

पहिली, लिस्टच्या प्रशासनाचा पासवर्ड. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण जुन्या प्रकल्पात तो कधीच प्रकल्प सोडून गेलेल्या माणसाकडे असतो. लिस्ट चालवणाऱ्या मेलमन 3 या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मालकाचं आणि मॉडरेटरचं (आलेले मेल तपासून सोडणाऱ्याचं) वेगळं खातं असतं. जुन्या मेलमन 2 मध्ये लिस्टच्या प्रशासनाला एकच सामाईक पासवर्ड असतो, तो किती जणांना ठाऊक आहे याचा पत्ता नसेल तर आजच बदला.

दुसरी, पूर्ण आर्काइव्हची (जुन्या मेलांच्या साठ्याची) आणि सदस्ययादीची प्रत. सदस्ययादी खासगी माहिती आहे. ती प्रकल्पाच्या सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोडच्या कोठारात) टाकू नका. घाईत असं करणारी माणसं मी पाहिली आहेत.

तिसरी, किमान दोन मॉडरेटर, जमल्यास वेगवेगळ्या टाइमझोनमधले. एकटा मॉडरेटर सुट्टीवर गेला की अडवलेले मेल आठवडाभर पडून राहतात, आणि नेमका त्यातच कुणाचा तरी पहिला पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) असतो.

आताच्या सगळ्या सेटिंग्जचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुढे "आधी काय होतं?" हा प्रश्न नक्की येतो.

टप्पा 1: आधी मोजा, मग बोला

"फार मेल येतात" ही तक्रार झाली. त्यातून काय करायचं ते कळत नाही. मागच्या तीन महिन्यांचा आर्काइव्ह काढा आणि एका बैठकीत त्याचे विषय वाचून काढा. सगळे मेल वाचायची गरज नाही. प्रत्येक थ्रेडचा (एक मेल आणि त्यावरची सगळी उत्तरं) पहिला मेल बघा आणि खालच्यापैकी एका खात्यात टाका: यंत्राने पाठवलेला, वापरणाऱ्याचा प्रश्न, बग, पॅच, आराखड्यावरची चर्चा, आणि भांडण. हो, भांडणाला वेगळं खातं ठेवा. त्याचा आकडा लोकांना चकित करतो.

थ्रेडचा पहिला मेल ओळखण्याची खूण सोपी आहे. ज्या मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधीच्या तांत्रिक ओळींत, "इन-रिप्लाय-टू" (हा कोणत्या मेलला उत्तर आहे ते सांगणारी ओळ) नाही तो नवा थ्रेड. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एमबॉक्स (मेल साठवलेली फाइल) वाचण्याची सोय आधीपासूनच आहे, त्यामुळे ही मोजणी वीसेक ओळींच्या स्क्रिप्टमध्ये होते.

मग चार आकडे लिहा:

- एकूण मेलांपैकी यंत्रांचे किती
- एकही उत्तर न मिळालेले थ्रेड किती
- पहिलं उत्तर यायला साधारण किती वेळ लागतो
- सर्वात मोठ्या पाच थ्रेडनी एकूण मेलांपैकी किती खाल्ले

समजा महिन्याला 1,200 मेल आहेत. त्यातले 500 कमिटच्या (कोडमध्ये झालेल्या बदलाच्या) आणि बिल्डच्या (कोडपासून प्रोग्राम बनवण्याच्या) सूचना, 300 दोन लांबलेल्या वादांचे, आणि उरलेल्या 400 मध्ये प्रश्न, बग, पॅच सगळं. अशा लिस्टचे विषयवार तुकडे करून कुणालाही दिलासा मिळणार नाही. 500 मेल एका सेटिंगने जातील, 300 मेल शिस्तीने कमी होतील आणि बाकीचे 400 कुठल्याही लिस्टला सहज पेलतील.

तपासा: उत्तर न मिळालेले थ्रेड हाच यातला सर्वात महत्त्वाचा आकडा. मेलांची संख्या वाढली तर लोक कुरकुरतात. प्रश्न अनुत्तरित राहिले तर लोक निघून जातात, आणि जाताना सांगतही नाहीत.

टप्पा 2: यंत्रांना बाहेर काढा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित टप्पा. कमिटच्या सूचनांसाठी वेगळी लिस्ट काढा. पोस्टग्रेएसक्यूएल, अपाचे अशा कितीतरी प्रकल्पांत ती पूर्वापार वेगळी आहे. पण इथे एक बारकावा असतो आणि तो जवळपास सगळे विसरतात.

कमिटच्या मेलवर कुणी उत्तर दिलं तर ते कुठे जातं? कमिट लिस्टवरच गेलं, तर कोडवरची चर्चा अशा ठिकाणी होते जिथे निम्मे डेव्हलपर नाहीत. म्हणून कमिटच्या मेलमध्ये "रिप्लाय-टू" (उत्तर कुठे जावं ते सांगणारं) हे हेडर डेव्हलपर लिस्टच्या पत्त्यावर लावा. सूचना एकीकडे, चर्चा दुसरीकडे. लिस्टच्या सेटिंग्जमध्ये हे एका रकान्याचं काम आहे.

सावधान: कमिट लिस्टपुरतं हे योग्य. मात्र माणसांच्या मुख्य लिस्टवर "रिप्लाय-टू" लिस्टकडे वळवण्याआधी दहा वेळा विचार करा. एखाद्याला खासगीत लिहिलेलं उत्तर अख्ख्या लिस्टला जातं आणि ते परत घेता येत नाही.

बिल्ड आणि चाचणीच्या यंत्रांनी प्रत्येक फेरीनंतर मेल पाठवायचं कारण नाही. स्थिती बदलली तरच पाठवा: चालत होतं ते बिघडलं, किंवा बिघडलेलं दुरुस्त झालं. "आजही सगळं ठीक आहे" हे रोज सांगणाऱ्या मेलचा एकच परिणाम होतो, लोक त्या पत्त्यावरचं काहीच वाचेनासे होतात, आणि ज्या दिवशी खरंच बिघडतं त्या दिवशीही वाचत नाहीत.

बग ट्रॅकरचंही (बगांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेचंही) तसंच. नवीन बग उघडला तर लिस्टवर एक मेल. पुढची प्रत्येक टिप्पणी, लेबल, शिक्का लिस्टवर नको. डेबियन या प्रकल्पात प्रत्येक बगला स्वतःचा मेल पत्ता असतो आणि ज्याला रस आहे तो त्या एका बगपुरतं सदस्यत्व घेऊ शकतो. तुमच्याकडे तशी सोय नसेल तरी तत्त्व तेच ठेवा.

एक अपघात सांगतो. आमच्या नव्या कमिट लिस्टवर एका सदस्याने "मी रजेवर आहे" असं आपोआप जाणारं उत्तर लावलं होतं. सूचना गेली की त्याचं उत्तर यायचं, ते डेव्हलपर लिस्टवर पडायचं, आणि तिथून त्याच्याकडे परत गेल्यावर पुन्हा नवं उत्तर. सकाळी उठून बघतो तर शेकडो मेल. नीट लिहिलेली यंत्रणा "ऑटो-सबमिटेड" हे हेडर पाहून गप्प बसते, पण सगळ्याच यंत्रणा नीट लिहिलेल्या नसतात. आपोआप आलेल्या उत्तरांचे मेल लिस्टवर अडवणारा नियम याच टप्प्यात लावून टाका.

टप्पा 3: मेल पोचतोय ना, ते बघा

वाहतूक वाढली की लिस्टचा सर्व्हर बाहेरच्या जगाच्या नजरेत येतो. दिवसाला 60 मेल आणि 900 सदस्य म्हणजे रोज 54,000 मेल बाहेर जातात. त्यातले निम्मे पत्ते एकाच मोठ्या मेलसेवेचे असतील, तर त्या सेवेला तुम्ही घाऊक मेल पाठवणारे दिसता.

फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने घाऊक पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या हिशोबात दिवसाला 5,000 किंवा जास्त मेल पाठवणारा घाऊक. एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (मेल खरंच त्या पत्त्यावरून आलाय का ते पडताळण्याच्या पद्धती) तिन्ही हवेत आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली हव्यात. म्हणजेच कंटाळलेला सदस्य अनसबस्क्राइब न करता "स्पॅम" हे बटण दाबतो, तेव्हा त्याचा फटका बाकीच्या सगळ्यांना बसतो. बाहेर पडण्याचा रस्ता ठळक ठेवा. "लिस्ट-अनसबस्क्राइब" हे हेडर मेलमन आपोआप घालतं. वाटेतला एखादा सर्व्हर ते काढून टाकत नाही ना, एवढं पाहा.

दुसरी गोची जुनी आहे. एप्रिल 2014 मध्ये याहूने आपल्या पत्त्यांसाठी डीमार्कचं धोरण "नाकारा" असं केलं आणि जगभरच्या लिस्ट्स अडखळल्या. कारण असं: लिस्ट जेव्हा विषयाच्या सुरुवातीला चौकटी कंसातलं नाव जोडते किंवा शेवटी तळटीप लावते, तेव्हा मूळ पाठवणाऱ्याची डीकिम सही मोडते. मग घेणारा सर्व्हर मेल बनावट समजून परत पाठवतो. आणि आता खरी गंमत बघा. त्या परत आलेल्या मेलचा बाउन्स गुण (मेल परत आला की मेलमन सदस्याच्या खात्यावर मोजतं तो) पाठवणाऱ्याच्या नावावर लागत नाही, घेणाऱ्याच्या नावावर लागतो. मेलमनमध्ये मुळात ठरलेली मर्यादा 5 गुणांची. म्हणजे एका सदस्याने आठवडाभर रोज लिहिलं की कसलाही दोष नसलेल्या शेकडो सदस्यांचे मेल बंद. लिस्ट अचानक शांत झाली आणि सगळ्यांना वाटलं गर्दी आटोक्यात आली, असंही होतं!

उपाय दोन. एक, मेलमनला सांगा की अशा धोरणाच्या पत्त्यांवरून आलेल्या मेलमध्ये "फ्रॉम" लिस्टचा पत्ता करावा. दोन, विषयातली कंसातली नावं आणि तळटीपा सरळ काढून टाका. पोस्टग्रेएसक्यूएलने 2017 मध्ये नव्या यंत्रणेवर जाताना हेच केलं. मला दुसरा उपाय जास्त पटतो, कारण पहिल्यात कुणी लिहिलंय हेच धड कळत नाही.

सावधान: विषयातलं नाव काढलं की ज्यांनी त्यावर फिल्टर लावलेत ते संतापतील. दोन आठवडे आधी कळवा आणि "लिस्ट-आयडी" हेडरवर फिल्टर कसा लावायचा ते तीन-चार प्रचलित मेल क्लायंटसाठी लिहून द्या. फिल्टरसाठी तेच हेडर भरवशाचं, विषयाची ओळ नव्हे.

टप्पा 4: मॉडरेशन, पण माणसाला अडवायला नव्हे

नव्या सदस्याचा पहिला मेल अडवा, बघा, सोडा आणि त्याच क्षणी त्याच्या नावापुढचं मॉडरेशन काढा. शेवटची पायरी विसरली की चार महिन्यांनी रांगेत ओळखीचीच माणसं दिसतात आणि मॉडरेटर मरतो.

सदस्य नसलेल्याचा मेल आला तर? "नाकारा" ठेवलं तर स्पॅम थांबतो, पण बग कळवायला आलेला माणूसही दारातून परत जातो. लिनक्स कर्नलच्या लिस्ट्सवर सदस्य नसतानाही पॅच पाठवता येतो, आणि तो प्रकल्प काही बुडाला नाही. तुमच्याकडे स्पॅम फार असेल तर मेल "अडवून ठेवा", "नाकारा" नको.

मेलमनच्या दोन मूळ मर्यादा इथे नडतात. मेलचा आकार 40 केबीपेक्षा जास्त असला किंवा पत्ते 10 किंवा त्याहून अधिक असले की मेल रांगेत जाऊन पडतो. ज्या प्रकल्पात पॅच मेलने येतात तिथे या दोन्ही मर्यादा कमी पडतात. चार जणांनी परीक्षण केलेल्या पॅचमालिकेत सीसीच्या रकान्यात दहा पत्ते सहज होतात. मर्यादा वाढवा. या मर्यादांऐवजी एचटीएमएल (रंग, ठळक अक्षरं असलेल्या) मेलांवर बंधन घातलं तर जास्त फायदा. कर्नलच्या लिस्ट्स एचटीएमएल मेल घेतच नाहीत.

तपासा: अडवलेला मेल 24 तासांत हातावेगळा होतोय का? नसेल तर तिसरा मॉडरेटर शोधा. नियम शिथिल करणं हा त्यानंतरचा पर्याय.

भांडण पेटलं तर पहिला मेल संबंधिताला खासगीत, मॉडरेटरच्या नावाने, दोन ओळींचा. सगळी लिस्ट तात्पुरती मॉडरेशनखाली घालायची वेळ आलीच तर तसं लिस्टवर जाहीर करा आणि कधी उठवणार तेही सांगा. गुपचूप अडवलेल्या मेलांनी जेवढा संशय वाढतो तेवढा उघड बंदीनेही वाढत नाही.

टप्पा 5: तेच तेच प्रश्न

नियम एकच ठेवा: एखाद्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली की ते आधी दस्तऐवजात जातं आणि लिस्टवर फक्त दुवा जातो. ज्याने तिसरं उत्तर लिहिलं त्यानेच ते दस्तऐवजात टाकायचं, "कुणीतरी टाका" असं नाही.

आता हे उत्तर कसं दिसावं ते बघा. बहुतेक ठिकाणी असं दिसतं:

"आर्काइव्ह शोधा. यावर शंभर वेळा बोलून झालंय."

हे लिहिणाऱ्याने वेळ वाचवला नाही. प्रश्न विचारणारा आता आर्काइव्ह शोधेल, त्याला 2011 चं उत्तर सापडेल, ते चालणार नाही आणि तो परत विचारेल, किंवा कायमचा गप्प होईल. त्याऐवजी:

"ही अडचण साधारणपणे जुन्या सेटिंग्ज फाइलमुळे येते. पायऱ्या इथे लिहिल्या आहेत: (दुवा). तिसऱ्या पायरीनंतरही तोच संदेश दिसला तर लॉगच्या शेवटच्या वीस ओळी इथेच पाठवा."

तीन वाक्यं. कारण, दुवा, आणि पुढे काय करायचं. शेवटच्या वाक्यामुळे थ्रेड तिथेच राहतो, नवा उघडत नाही.

यासाठी आर्काइव्ह शोधता येण्याजोगा हवा आणि प्रत्येक मेलला कायमचा दुवा हवा. कर्नलच्या आर्काइव्हमध्ये दुवा थेट मेसेज-आयडीवरून (प्रत्येक मेलच्या स्वतंत्र ओळखीवरून) बनतो, त्यामुळे सर्व्हर बदलला तरी दुवा मरत नाही. तुमच्या आर्काइव्हचे दुवे क्रमांकावर चालत असतील तर एक स्पॅम मेल काढून आर्काइव्ह पुन्हा बांधला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि दस्तऐवजातले दुवे भलत्याच मेलवर जातात. मेलमन 2 च्या जुन्या आर्काइव्हमध्ये हे हमखास होतं. त्यात जुना मेल काढूच नका, फार तर त्याचा मजकूर रिकामा करा.

टप्पा 6: थ्रेडची शिस्त

इथे चुका फार आणि जवळपास सगळ्या सवयीच्या.

सर्वात जास्त दिसणारी चूक: नवा विषय काढायचा म्हणून जुना मेल उघडायचा, "उत्तर द्या" दाबायचं आणि विषयाची ओळ बदलायची. पाठवणाऱ्याला वाटतं नवा थ्रेड झाला. पण हेडरमधला जुन्या मेलचा संदर्भ तसाच राहतो, आणि थ्रेडनुसार वाचणाऱ्याच्या डब्यात हा नवा प्रश्न कुठल्यातरी जुन्या चर्चेच्या पोटात, सतराव्या पातळीवर दडतो. मग "माझ्या प्रश्नाला कुणी उत्तर देत नाही" अशी तक्रार. टप्पा 1 मधल्या अनुत्तरित मेलांत अशांचा वाटा वेगळा मोजून बघा. आणि हो, तुमच्या स्क्रिप्टने हे मेल नवे थ्रेड म्हणून मोजलेच नसतील.

दुसरी चूक डायजेस्टला (अनेक मेल एकत्र करून पाठवलेल्या एका मेलला) उत्तर देण्याची. विषयात डायजेस्टचा खंड आणि अंक, खाली वीस मेलांचा पूर्ण मजकूर, आणि वर "मलाही असंच होतंय". डायजेस्टच्या तळटीपेतच ठळक लिहा की उत्तर देताना विषय बदला आणि बाकीचं कापा. जमलं तर विषयात "डायजेस्ट" असलेले मेल मॉडरेशनच्या रांगेत घाला.

तिसरी, न कापलेलं उद्धरण. दोन ओळींच्या उत्तराखाली दोनशे ओळी. यावर नियम करण्यापेक्षा जुन्या डेव्हलपरांनी स्वतः कापून दाखवणं जास्त चालतं. नवखे लोक नियमांचं पान वाचत नाहीत, वर आलेले दहा मेल बघतात आणि तसंच लिहितात.

लांबलेल्या थ्रेडसाठी मी एक साधा उपाय वापरतो: एका थ्रेडवर एका माणसाचा दिवसाला एक मेल. चार जणांना चार उत्तरं देण्याऐवजी संध्याकाळी एकच. सक्ती करू नका, विनंती करा, आणि आधी स्वतः पाळा. क्षुल्लक मुद्द्यावर प्रत्येकाला मत असतं, किचकट मुद्द्यावर दोघांनाच. म्हणूनच नाव काय ठेवायचं यावर ऐंशी मेल पडतात आणि डेटा कसा साठवायचा यावर सहा.

आणि थ्रेड चाळीस मेलांवर गेला की कुणीतरी सारांश लिहायचा. असा:

"आतापर्यंत: 1) जुना फॉरमॅट वाचता यायला हवा, यावर सगळ्यांचं एकमत. 2) जुना फॉरमॅट लिहिता यावा का, यावर दोन मतं. बाजूने मुख्य मुद्दा असा, विरोधात असा. 3) वेगाची आकडेवारी अजून कुणी दिलेली नाही. दुसरा मुद्दा तिसऱ्यावर अवलंबून आहे, म्हणून आकडे येईपर्यंत हा थ्रेड थांबवूया का?"

सारांश लिहिणाऱ्याने त्यात आपलं मत घालायचं नाही. मत असेल तर वेगळा मेल. एकाच मेलमध्ये दोन्ही आलं की सारांशावरच नवा वाद सुरू होतो.

हेच मोठ्या पातळीवर बघायचं तर गिट प्रकल्पाचे मेंटेनर (देखभाल करणारे प्रमुख) ज्युनिओ हमानो यांचा ठरावीक काळाने येणारा स्थितीचा मेल बघा. कोणतं काम कुठवर आलं, कशाला परीक्षण हवं, कशाचा समावेश होणार, हे सगळं एका मेलमध्ये. ज्याला रोजची लिस्ट वाचायला जमत नाही तो एवढा एक मेल वाचून प्रकल्पाशी जोडलेला राहतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये चर्चा लिस्टवरच होते, पण कोणता पॅच कुठे अडकलाय याची नोंद "कमिटफेस्ट" नावाच्या वेगळ्या अ‍ॅपमध्ये असते आणि प्रत्येक नोंदीतून थ्रेडला दुवा जातो. पॅच हरवतात त्या प्रकल्पांनी ही कल्पना सरळ उचलावी.

निर्णयाचे मेल वेगळे ओळखू आले पाहिजेत. अपाचेच्या प्रकल्पांत मतदानाच्या मेलच्या विषयातच तसं लिहिलेलं असतं आणि मत द्यायला सहसा किमान 72 तास मिळतात, जेणेकरून जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला माणूस सुटू नये. चॅटवर ठरलेली गोष्टही लिस्टवर लिहून टाका. लिस्टवर नाही तर ती ठरलीच नाही, असं समजा.

टप्पा 7: आता लिस्ट फोडायची का?

इथवर येऊन पुन्हा टप्पा 1 चे आकडे काढा. गर्दी अजून त्रास देत असेल तर आता तुकडे करायला हरकत नाही, पण खालच्या तिन्ही गोष्टी खऱ्या असतील तरच:

- वाचणाऱ्यांचा एक मोठा गट एका प्रकारचे थ्रेड नेमाने न वाचताच पुसतो
- त्या प्रकारच्या मेलांत उरलेल्या चर्चेचा संदर्भ क्वचितच येतो
- नव्या लिस्टवर उत्तरं देण्याचं किमान तीन जणांनी नावानिशी कबूल केलं आहे

तिसरी अट सोडली की नवी लिस्ट अनाथ होते. आमच्या पाच लिस्ट्सपैकी दोन यामुळेच मेल्या. वापरणाऱ्यांची लिस्ट काढली, डेव्हलपर हुश्श म्हणाले आणि एकानेही तिचं सदस्यत्व घेतलं नाही. प्रश्न विचारणाऱ्यांना ते आठवड्याभरात कळलं. मग तोच प्रश्न दोन्हीकडे पाठवणं सुरू झालं, आणि गर्दी दुप्पट.

पहिला तुकडा बहुतेक वेळा वापरणारे आणि डेव्हलपर असाच करावा. घटकांनुसार लिस्ट्स त्यानंतर. अशा लिस्ट्स वाढल्या की कुठे पाठवायचं हे पाठवणाऱ्याने ओळखावं अशी अपेक्षा ठेवू नका. कर्नलमध्ये "मेंटेनर्स" नावाच्या फाइलमध्ये प्रत्येक भागासमोर लिस्टचा पत्ता लिहिलेला असतो, आणि पॅच दिला की कुणाला पाठवायचा हे एक स्क्रिप्ट सांगते. तुमच्याकडे दोनच लिस्ट्स असल्या तरी रिपॉझिटरीत अशी एक फाइल ठेवा.

फोडण्याचा क्रम असा. आधी नव्या लिस्टचं दोन ओळींचं वर्णन लिहा: इथे काय चालतं, काय नाही. मग कबूल केलेल्या तिघांना सदस्य करा. बाकी कुणालाही परस्पर सदस्य करू नका, निमंत्रण पाठवा. मग घोषणा. मग निदान एक महिना, चुकीच्या लिस्टवर आलेला थ्रेड हलवण्याचं काम. हलवताना दोन्ही लिस्ट्सना जाणारा एकच मेल लिहा: "हा विषय वापरणाऱ्यांच्या लिस्टवर नेतोय, पुढच्या उत्तरांतून डेव्हलपर लिस्टचा पत्ता काढा." आणि मूळ प्रश्नाचं उत्तर त्याच मेलमध्ये द्या. नुसतं "चुकीची लिस्ट" म्हणून हाकलू नका.

सावधान: विचारणारा नव्या लिस्टचा सदस्य नसतो. त्याचा पत्ता सीसीमध्ये ठेवला नाही तर उत्तरं त्याला कधीच दिसणार नाहीत.

टप्पा 8: तीस दिवसांनी

तेच चार आकडे, त्याच पद्धतीने. पद्धत बदलली तर तुलना व्यर्थ. एकूण मेल वाढलेले आणि अनुत्तरित थ्रेड घटलेले दिसले तर काहीही करू नका, लिस्ट ठणठणीत आहे. उलट झालं असेल, मेल कमी आणि अनुत्तरित जास्त, तर तुम्ही गर्दी हटवताना उत्तरं देणारी माणसंही हटवलीत. मागच्या तीन महिन्यांत सर्वाधिक उत्तरं देणाऱ्या दहा जणांची नावं काढा, त्यातलं कोण गप्प झालंय ते बघा आणि त्यांना खासगीत विचारा.

नवी लिस्ट दोन महिने ओस असेल तर बंद करा. लाज वाटायचं कारण नाही. तिचा पत्ता मुख्य लिस्टकडे वळवा, सदस्यांना एक मेल टाका आणि आर्काइव्ह वाचण्यापुरता जिथल्या तिथे ठेवा. वळवलेला पत्ता मुख्य लिस्टच्या "मान्य पर्यायी पत्त्यां"मध्ये घालायला विसरू नका, नाहीतर त्या पत्त्यावर पाठवलेला प्रत्येक मेल मॉडरेशनच्या रांगेत जाऊन पडेल.